वेग आणि आवर



मोटारीविषयी चार माणसे बोलू लागली की पहिला प्रश्न निघतो तो एंजिनाचा. अश्वशक्ती किती? ताशी मैल किती? ती थांबते किती अंतरात, हे विचारणारा विरळाच. आजचे माझे व्याख्यान या सहसा न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयी आहे. तो नुसता तत्त्व म्हणून मांडण्यापेक्षा एका मोटारीच्या इतिहासातून मांडावा असे मी ठरविले आहे.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील टेम्स डिटन या गावी ए. सी. कार्स नावाचा एक लहानसा कारखाना होता. १९५३ साली त्याने ‘एस’ नावाची दोन माणसांची उघडी क्रीडामोटार लोकांपुढे आणली. पोलादी नळ्यांची शिडीसारखी चौकट, तीवर हातांनी ठोकून घडविलेले ॲल्युमिनियमचे अंग, आणि चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, असा तिचा थाट होता. गाडी हलकी आणि वळणावर आज्ञाधारक. उणे होते ते एंजिनात. कारखान्याचे स्वतःचे दोन लिटरचे एंजिन मुळात १९१९ सालचे! पुढे १९५६ पासून ब्रिस्टल कंपनीचे तेवढ्याच आकाराचे, पण सुमारे १२५ अश्वशक्तीचे एंजिन मिळू लागले. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, लगोलग १९५७ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळू लागले. शक्ती वाढली, तसा आवरही वाढला.

१९६१ च्या सुमारास ब्रिस्टलचे ते एंजिन बंद पडण्याच्या वाटेला लागले. त्याच वेळी कॅरोल शेल्बी नावाच्या एका टेक्सासच्या गृहस्थाने ए. सी. कंपनीला पत्र धाडले. हे गृहस्थ १९५९ साली रॉय साल्वादोरी यांच्या जोडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेले. पण हृदयविकारामुळे त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-आठ एंजिन बसवू या, असा त्यांचा प्रस्ताव होता. फोर्ड कंपनीने नुकतेच पातळ भिंतींचे ओतीव लोखंडी एंजिन काढले होते. आकाराने दुपटीहून मोठे, पण वजनाने त्या मानाने फारसे जड नाही. १९६२ च्या आरंभी एंजिनावाचूनची पहिली गाडी विमानाने अमेरिकेत गेली, आणि तेथे काही तासांतच ४.२ लिटरचे एंजिन तिच्या पोटात बसविण्यात आले. हीच ती ‘कोब्रा’. २६० अश्वशक्ती, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून थोडी अधिक, असे तिच्याविषयी जाहीर झाले.

ही कथा सांगताना बहुतेक लोक येथेच थांबतात आणि टाळ्या मिळवितात. पण खरी कथा एंजिन बसल्यानंतरची आहे. हा नवा जोर पेलण्यासाठी मागच्या आसाची पेटी बदलून अधिक भक्कम घ्यावी लागली; चौकट जागोजागी बळकट करावी लागली; आणि मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक द्यावे लागले. एंजिन बसविणे हे काही तासांचे काम होते. गाडीला त्या एंजिनाच्या लायक करणे हे खरे काम.

हे का करावे लागते? थोडा हिशेब करू या. एक हजार किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात जी ऊर्जा साठलेली असते, तिने सव्वा लिटर थंड पाणी उकळीला येईल. ब्रेक दाबला म्हणजे ती ऊर्जा नाहीशी होत नाही. तीन-चार सेकंदांत ती उष्णता होऊन मुख्यतः ब्रेकांच्या लोखंडात शिरते. आता वेग दुप्पट करा. उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. सव्वा लिटरचे पाच लिटर होतात. उलट हवेचा विरोध असा की, एंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी गाडीचा कमाल वेग साधारण चौथ्या हिश्श्यानेच वाढतो. पण तेवढ्यानेही ब्रेकांवरचे ओझे दीडपटीच्या वर जाते. शिवाय जोरकस गाडी एका वळणावरून निघून पुढच्या वळणापर्यंत पुन्हा वेग घेते. ब्रेकांना निवायला उसंत मिळते कोठे?

जुन्या ड्रम ब्रेकांचे दुखणे हेच होते. तापला की ड्रम फुगून आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो. पट्ट्यांची पकडही उष्णतेने कमी होते. चालक पाय दाबतो, आणि गाडी ऐकत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर निवते, आणि फुगली तरी पट्ट्यांकडेच फुगते. १९५३ साली ल मान्स येथे जॅग्वारच्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. तेथल्या लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी त्यांचे चालक इतरांहून उशिरा ब्रेक लावू शकत. ती शर्यत जॅग्वारने जिंकली. वेगाच्या शर्यतीत थांबण्याची कला कामी आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मोठा ब्रेक लावला म्हणजे गाडी जवळ थांबते, असे नाही. जो ब्रेक चाक जखडू शकतो, त्याच्यापुढे मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठ्या ब्रेकाचा गुण पहिल्या वेळी दिसत नाही. तो दहाव्या वेळी, घाट उतरताना दिसतो. तसेच पुढचा-मागचा तोल सांभाळावा लागतो. मागची चाके आधी जखडली तर गाडी स्वतःभोवती फिरते. ब्रेक हा एक सुटा भाग नाही. तो एक संसार आहे.

कोब्राचा पुढचा अध्याय हेच सांगतो. १९६५ साली तिच्यात सात लिटरचे एंजिन आले, तेव्हा जुनी चौकट पुरेना. तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची नळ्या आल्या, पाटेस्प्रिंगांच्या जागी गुंडाळी स्प्रिंगा आल्या. बाहेरून तीच दिसणारी गाडी आतून जवळजवळ नवी झाली.

आपल्या गावात सात लिटरच्या मोटारी नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मोटारसायकलचा सिलिंडर कोरून मोठा करून घेणारे तरुण आहेत, आणि त्यांच्या मागच्या बैठकीवर धाकटी भावंडे बसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, कारखानदाराने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. अनेकांना तो जाच वाटतो. मला त्यात वरच्या हिशेबाचेच भाषांतर दिसते. एंजिन वाढविणाऱ्याने फक्त एक आकडा बदललेला असतो; त्या आकड्यावर उभे असलेले बाकीचे शंभर आकडे जुनेच राहतात.

शेल्बी धाडसी होते, यात शंका नाही. पण त्यांच्यामागे असे कारागीर होते की, ज्यांनी घोड्याबरोबर लगामही जाड केला. ज्यांचे नाव होत नाही अशा त्या माणसांची आठवण आपण ठेवावी, आणि यापुढे कोणी नव्या गाडीची अश्वशक्ती सांगू लागला, तर शांतपणे त्याला एवढेच विचारावे : “ब्रेकांचे काय केलेत?”