करवंदीची जाळी

माघ-फाल्गुनात गोमंतकातील जांभ्या दगडाच्या सड्यावरून जाणाऱ्यास जाईसारखा मंद सुगंध येतो. तो करवंदीच्या फुलांचा. पाच पाकळ्यांची ही शुभ्र फुले काटेरी फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी उमलतात. करवंद हे रुई-कण्हेरीच्या कुळातले. म्हणून पान खुडताच पांढरा चीक ओघळतो.

सह्याद्रीचे उतार, खानापूरकडील माळ आणि कोकण-गोव्याचे सडे हे तिचे माहेर. खडकाच्या भेगेत मूळ धरून ती घसरती माती अडविते. गुरे काट्यांना बिचकतात. त्यामुळे जाळीच्या आडोशाने इतर वृक्षांची रोपे वाढीस लागतात. वैशाखात काळी झालेली करवंदे पानांच्या द्रोणांतून बाजारात येतात. ती विकणाऱ्या बाईने झाड लावलेले नसते; बहुधा जमीनही तिच्या नावे नसते.

चिऱ्यांच्या खाणीसाठी वा इमारतींसाठी सडा मोकळा करताना पहिली कुऱ्हाड या जाळीवर पडते. निरुपयोगी काटेरी झुडूप, एवढीच तिची नोंद होते. परंतु तिच्यासंगे रोपांचा आडोसा जातो आणि त्या बाईची उन्हाळ्यातील मिळकतही. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी हा हिशेब मांडावयास नको काय?