निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जलशुद्धीकरण हा विषय अभियंत्यांचा. माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने त्यावर बोलावे का, असे कोणाला वाटेल. परंतु पाणी सर्वच शाखांचे लोक पितात.

आपल्या भाषेत ‘निवळणे’ हे क्रियापद आहे आणि ‘निवळी’ हे एका झाडाचे नाव आहे. निवळीचे बी उगाळून गढूळ पाण्यात सोडले की गाळ तळाशी बसतो. संस्कृतात तिला ‘कतक’ म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांमध्ये तिचा उल्लेख आहे. आजीच्या हातातील तुरटीचा खडाही याच परंपरेतला. आधुनिक जलशुद्धीकरण केंद्रातही पहिली पायरी तुरटीचीच असते, याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र तेथेच थांबू नये. निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गाळ डोळ्यांना दिसतो, रोगजंतू दिसत नाहीत. म्हणून तुरटीनंतर वाळूचे गाळणे आणि त्यानंतर क्लोरीन, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी वगळून दुसरी दुप्पट जाड केल्याने काम भागत नाही.

याचा मोठा धडा दिल्लीने १९५५ मध्ये घेतला. यमुनेला पूर आला आणि पूर ओसरताना नदीने पात्र बदलले. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नजफगढ नाल्याचे पाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या हे लक्षात आले होते. त्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा उपयोगही झाला, विषमज्वराची साथ आली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. क्लोरीनला जिवाणू शरण गेले, विषाणू मात्र निसटला. तो कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९८० मध्ये जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून ही नेहमीची ‘अ’ कावीळ नव्हे, हे स्पष्ट झाले. त्या संशोधनात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. आज आपण तिला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतो.

हा जुना इतिहास झाला, असे म्हणाल तर पुण्याकडेच पाहा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. त्या साथीत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पोटाच्या अशा संसर्गानंतर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि चालता-बोलता माणूस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर जातो. संशयाचा रोख पाण्याकडे वळला. तेव्हा लोकांना कळले की, २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या या गावांना विहिरीतील पाणी केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. गाळण्याची प्रक्रियाच नव्हती. गावे शहरात आली, उंच इमारती आल्या, शुद्धीकरण केंद्र मात्र आले नाही!

यावर आपले मध्यमवर्गीय उत्तर काय? ओट्यावर यंत्र बसवणे. तसे करण्यास माझा आक्षेप नाही. परंतु त्या यंत्राने आपल्या मनातील काळजी अशी काही गाळली की, नळाला कोणते पाणी येते हे विचारणेच आपण सोडून दिले. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताईंच्या वस्तीत तेच पाणी थेट हंड्यात पडते, तेथे यंत्र नाही. शिवाय आपली मुले शाळेत, शिकवणीत, लग्नकार्यात बाहेरचे पाणी पितातच. तेथील जारचे पाणी गार असते. गार म्हणजे शुद्ध, हा नवाच समज.

खेड्यातील कार्यकर्त्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ म्हणजे ब्लिचिंग पावडर असते. ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण त्याच हिशेबाने सांगितलेले असते. पोते उघडे, दमट खोलीत पडले की क्लोरीन उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली भुकटी वापरू नये. ती टाकल्याची नोंद वहीत होते, पाणी मात्र होते तसेच राहते. भुकटी टाकल्यावर अर्धा तास थांबावे लागते, हेही घाईत विसरले जाते. जलसुरक्षकाला दोष देणे सोपे आहे. त्याला वेळेवर मानधन आणि ताजी भुकटी मिळते का, हे ग्रामसभेत विचारणारा कोणीतरी हवा.

शहरात प्रश्न वेगळा. नळ दिवसातून दोनच तास येतो तेव्हा उरलेले बावीस तास जलवाहिनीत दाब नसतो. शेजारून गळकी गटारवाहिनी गेली असेल तर घाण आत ओढली जाते. म्हणूनच नळाच्या टोकाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तो आहे की नाही, हे ‘ओटी’ चाचणीने घरबसल्या पाहता येते. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, पांढरेच राहिले तर नाही. तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे.

असा एक संच मी सोबत आणला आहे. या सभागृहाच्या टाकीतील पाणी बाटलीत भरून घेतले आहे. कोणी दोघे पुढे या, आपण आताच पाहू.