घरबसल्या कामाचे आमिष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि शिष्यवृत्ती निधीस साहाय्य मागावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. आज तो बाजूस ठेवून एका अप्रिय विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. या विषयाची झळ आता आपल्या उंबरठ्याच्या आत आली आहे, आणि त्यात आमचा स्वतःचाही दोष आहे. म्हणून बोलणे प्राप्त आहे.

गेल्या वर्षी एका परिचिताकडून आमच्या मोबाइलवर एक जाहिरात आली. घरबसल्या फावल्या वेळात काम, रोजची हमखास मिळकत, गृहिणींना प्राधान्य, असा तिचा मजकूर होता. चार भगिनींचे भले होईल अशा भाबड्या समजुतीने आम्हीच ती मंडळाच्या समूहावर टाकली. आपल्यातील एका घरच्या सुनेने तीवर विश्वास ठेवला, आणि मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी भिशीतून साठविलेले चौऱ्याऐंशी हजार रुपये सहा दिवसांत नाहीसे झाले. याहून दुःखाची गोष्ट ही की, त्या माउलीने दोन महिने घरात कोणापाशी चकार शब्द काढला नाही. "मंडळाच्या समूहावर आले होते, म्हणून चौकशी केली नाही," एवढेच ती पुढे आम्हांस म्हणाली. ते वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. तिच्याच अनुमतीने, तिचे नाव न घेता, ही हकीकत आम्ही सांगत आहोत.

या फसवणुकीची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रारंभी काम अगदी क्षुल्लक असते. एखादी चित्रफीत पाहून पसंतीची खूण करा, एखाद्या उपाहारगृहास चांगला अभिप्राय द्या, आणि त्याचा फोटो पाठवा. शेदीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. ठग पहिले पैसे देतो तो विश्वास विकत घेण्यासाठी. मग एका बंदिस्त समूहात प्रवेश मिळतो. तेथे 'आज मला इतके मिळाले' म्हणून सांगणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुतेक ठगाचेच साथीदार असतात. त्यानंतर 'आगाऊ रक्कम भरून करावयाची कामे' सुरू होतात. एक हजार भरले की तेराशे परत येतात. पाच हजार भरले की पडद्यावर सात हजार दिसतात, मात्र हाती येत नाहीत. ते काढू गेल्यास 'तुमच्या हातून चूक झाली, खाते गोठले, आता कर भरा, अनामत भरा' असे सांगण्यात येते. गेलेले परत मिळविण्याच्या आशेने माणूस पुन्हा भरतो. जुगाऱ्याला जे व्यसन नेते, तेच येथे एका सरळमार्गी गृहिणीला नेते. फरक इतकाच, की आपण जुगार खेळतो आहोत हे तिला ठाऊक नसते.

दुसरा प्रकार मजकूर टंकलिखित करून देण्याच्या कामाचा. नोंदणी शुल्क घेऊन शेकडो पाने देतात, मुदत अपुरी ठेवतात आणि अचूकतेची अट अशी घालतात की कोणासही ती पाळता येऊ नये. मुदत संपताच 'करारभंग झाला, नुकसानभरपाई भरा, अन्यथा अटक होईल' अशी वकिलाच्या नावाची नोटीस येते. अशा नोटिशीस भिऊन पैसे भरू नयेत. ती एखाद्या जाणत्या वकिलास दाखवावी. दूरध्वनीवरून वा चित्रफितीद्वारे अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. तिसरा प्रकार पेन्सिली अथवा अगरबत्त्या भरण्याच्या कामाचा. नामांकित कंपनीचे नाव व बोधचिन्ह लावून ओळखपत्राचे, मालवाहतुकीचे, अनामतीचे असे पैसे एकामागून एक मागतात. माल कधीच येत नाही.

यावरून घरबसल्या काम म्हणजे लबाडीच, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तेथील पद्धत पाहा. भगिनी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेते, लाटून वाळविलेले पापड परत आणून देते, आणि त्यांच्या वजनावर तिला लाटणावळ मिळते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका पाने व तंबाखू कारखान्यातून नेतात आणि हजारी विड्यांवर मजुरी घेतात. त्या मजुरीच्या अपुरेपणाविषयी भांडण झाले असेल, नव्हे, झालेच आहे; परंतु काम मिळण्यासाठी पडद्यावरच्या अनोळखी माणसाला रोज पैसे भरत राहावे, अशी रीत तेथे नाही.

आमच्या मते सारी कसोटी येथेच आहे. काम देणारा मजुरी देतो. तो मजुरीसाठी पैसे मागत नाही. देणाऱ्याचा पत्ता असतो, तेथे जाऊन पाहता येते, आणि केलेल्या कामाचा कोणास तरी खरा उपयोग असतो. चित्रफितीवर पसंतीची खूण करण्याबद्दल कोणी दिवसाला हजारो रुपये का द्यावेत, एवढा प्रश्न स्वतःस विचारला तरी पुष्कळ अनर्थ टळेल. आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही. तो देण्यासाठीच लागतो. तसेच 'तुमचे बँक खाते वापरू द्या, दलाली देऊ' असे कोणी म्हटल्यास साफ नकार द्यावा. लुटीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो, आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात.

हा उद्योग किती पसरला आहे, हे दोन घटनांवरून दिसेल. अशा कामांच्या नावाने चालणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बंद करविली. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरील ठगांच्या तळांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमार्गे मायदेशी आणण्यात आले. त्यांतील कित्येकांना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवूनच तेथे नेले होते. म्हणजे नोकरीच्या आशेने फसलेल्यांस कोंडून, त्यांच्याच हातून दुसऱ्यांना फसविण्याचे काम करवून घेतले जाते.

दुर्दैवाने कोणी फसलेच, तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, आपल्या बँकेस कळवावे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी वाटेतच अडविले जाण्याची आशा अधिक. संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. 'गेलेले पैसे मिळवून देतो, थोडे शुल्क भरा' म्हणणारा पुढे आल्यास तो बहुधा दुसरा ठगच समजावा.

आता आपल्या मंडळापुरते दोन शब्द. त्या भगिनीने पहिल्याच दिवशी तोंड उघडले असते, तर कदाचित काही रक्कम वाचली असती. ती का बोलली नाही? सासरची बोलणी आणि ज्ञातीतील कुजबुज यांच्या भयाने. ठगाला हे भय पक्के ठाऊक असते. त्याच्याच आधाराने तो जगतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, अशा प्रसंगी प्रथम तक्रार करावी. बोल लावणे आपोआप मागे पडेल. मंडळाने दोन सुशिक्षित तरुण आणि एक वकील यांची लहानशी समिती नेमावी, आणि तिने तपासल्यावाचून कामाची एकही जाहिरात समूहावर येऊ नये. हा नियम सर्वप्रथम आम्हांस लागू करावा.

जाता जाता एक समाधानाची गोष्ट. त्या मुलीचे या वर्षीचे शुल्क शिष्यवृत्ती निधीतून भरले गेले आहे. त्या निधीत आमचा वाटा आम्ही टाकला. ते दातृत्व नव्हे, ऋणफेड आहे.