हिरवा दिवा, अडकलेला सर्व्हर

मी बेहालाहून बोलतोय, कोलकात्यातलं बेहाला. पूजेच्या दिवसांत इथल्या मंडपांपुढे स्वयंसेवक गर्दी वेगवेगळ्या रांगांत वळवतात. एचएप्रॉक्सी सर्व्हरपुढे तेच काम करतो. विली तारो यांनी तो 2001 मध्ये खुला केला. आजही फुकट आणि भक्कम आहे.

एका पूजेत माझ्याकडे आलेली तक्रार सांगतो. तीन सर्व्हर, स्टॅट्सच्या पानावर तिन्ही हिरवे, तरी दर तिसऱ्या माणसाला 504. अशा वेळी रीस्टार्ट मारू नका हो, आधी लॉग वाचा! तिथे लहान एस, मोठा एच अशी खूण होती. म्हणजे जोडणी झाली, पण सर्व्हरने मुदतीत उत्तर सुरूच केलं नाही. (मोठा एस, मोठा सी असता तर जोडणीच झाली नसती.) आणि अशा प्रत्येक ओळीत नाव दुसऱ्याच सर्व्हरचं.

मग तो हिरवा कसा? कॉन्फिगमध्ये नुसतं 'चेक' लिहिलं, की दर 2 सेकंदांनी फक्त पोर्ट उघडतंय का एवढंच पाहिलं जातं. ॲपचे थ्रेड अडकले होते; पोर्ट उघडंच होतं.

'ऑप्शन एचटीटीपीचेक' लावून एक छोटं पान तपासायला दिलं. त्या पानातून डेटाबेसला मात्र हात लावू नका. डेटाबेस क्षणभर अडखळला, तर तिन्ही सर्व्हर एकदम बाद होतात आणि सगळ्यांनाच 503. शेवटी 'वजा सी'ने फाइल तपासली, रीलोड केलं. तपासणी चुकल्यावर दुसरा सर्व्हर लाल झाला, आणि 504 थांबले.