संगणकावरचे काम पुन्हा पाहताना



वसंत व्याख्यानमालेत संगणकाचा विषय, आणि त्यातही काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटविणाऱ्या टर्मिनलचा, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण विषय दिसतो तितका परका नाही. एकाने केलेले काम दुसऱ्याला मागाहून, त्याच्या पाठीशी उभे राहून पाहावे तसे, पुन्हा पाहता येते. ते कसे आणि त्यात काय सांभाळावे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

टर्मिनलवर माणूस चित्रांवर बोट ठेवीत नाही. तो आज्ञा टाईप करतो आणि यंत्र अक्षरांतच उत्तर देते. हा संवाद मूळचा टेलिप्रिंटरवरचा. त्या वेळी तो कागदाच्या गुंडाळीवर आपोआपच शिल्लक राही. पुढे कागद जाऊन पडदा आला आणि वर सरकलेली ओळ दृष्टीआड झाली. ही उणीव भरून काढणारी ‘स्क्रिप्ट’ नावाची आज्ञा बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९७९ च्या सुमारास आली. ती सुरू केली की पडद्यावर जे जे उमटेल ते सारे एका फाइलीत उतरते. ‘गृहपाठ आपण खरोखरच केला’ याचा पुरावा विद्यार्थ्यांना देता यावा, हा तिचा उपयोग तिच्या माहितीपुस्तिकेतच सांगितला आहे. विद्यार्थी सगळीकडचे सारखेच, असे म्हणावयाचे!

मात्र त्या फाइलीत वेळ नव्हती. दहा मिनिटांचे काम आणि दहा सेकंदांचे काम कागदावर सारखेच दिसे. म्हणून पुढे जोडीला वेळेची फाइल आली. तिची रचना गंमत वाटावी इतकी साधी आहे. प्रत्येक ओळीत दोन आकडे : मागच्या मजकुरानंतर किती सेकंद गेले, आणि आता किती अक्षरे उमटली. ‘स्क्रिप्टरिप्ले’ ही आज्ञा ते आकडे वाचते, तितकी थांबते, आणि तितकी अक्षरे पडद्यावर सोडते. मूळ काम त्यात पुन्हा होत नाही. फाइल पुसून टाकण्याची आज्ञा आपण शंभर वेळा पाहिली तरी आपली एकही फाइल पुसली जाणार नाही.

थांबण्याला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. आपण हरिहरेश्वरकर आहात. उत्तर आपल्या पायांखाली आहे. देवळामागच्या प्रदक्षिणेची वाट पाहुण्याला तोंडी सांगता येते : दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरा, खडकावरून पुढे जा, वळसा घालून वर या. पण लाट कोठे येते, कोठे क्षणभर थांबावयाचे आणि भरतीच्या वेळी मुळीच का उतरावयाचे नाही, हे जाणत्याच्या मागून चालल्याशिवाय कळत नाही. आज्ञांची नुसती यादी ही तोंडी सांगितलेली वाट. वेळेसह टिपलेले काम म्हणजे मागून चालणे. जाणता माणूस धोक्याची आज्ञा लिहून झाल्यावर ती सोडण्यापूर्वी चार सेकंद थबकतो. शिकणाऱ्याला त्या चार सेकंदांतून जे मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते.

वेळेसह केलेल्या नोंदीचे मोल आपल्याच जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका संस्थेने जगाला दाखविले आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक वेळ आणि वाचन लिहीत राहिले. त्या नोंदींचा उपयोग करून २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी वादळाची तीव्रता अजमावली. क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरले होते. निरीक्षकांच्या मनातही नसलेला प्रश्न १४४ वर्षांनी विचारता आला, तो त्यांनी आकड्यांशेजारी घटका लिहून ठेवली म्हणून. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून चुंबकीय निरीक्षणाचे हे काम १९०४ मध्ये अलिबागला आणले गेले.

आता आटोपशीरपणाचे बघा. जुन्या पद्धतीच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावतात, म्हणजे १९२० अक्षरे. दहा मिनिटांत असे पन्नास पडदे भरून वाहिले तरी इंग्रजी मजकूर एक लाख बाइटांच्या आतच राहतो; तेवढ्या वेळाचे चलचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते. शिवाय ही अक्षरेच असल्याने पाहता पाहता आज्ञा उचलून घेता येते. पोलंडच्या मार्चिन कुलिक यांनी सुरू केलेल्या ‘आस्कीनेमा’ने हेच तंत्र लोकप्रिय केले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावर वीज आणि दूरध्वनी किती दिवस नव्हते, ते आपण भोगले आहे. अशा ठिकाणी लहान फाइलीची किंमत निराळी सांगावयास नको. मराठीची अडचण मात्र आहे. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, आणि चौकटी-चौकटींच्या पडद्यावर जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात.

या नोंदीत आवाज नाही, ही दुसरी उणीव. मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम ती भरून काढतो. पडद्यावरचे काम टिपून त्यावर निवेदन दिलेले हे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. एका बाजूला पाठ आणि शेजारी आपले काम उघडे ठेवून शिकावयाचे, अशी त्यांची रीत. नवशिक्याला मी आधी तेच सुचवीन. परंतु त्यांत सारे ठरवून, नीटनेटके केलेले असते. चाचपडणे पाहावयाचे तर कच्ची नोंदच हवी.

आणि कच्च्या नोंदीतच खरी जोखीम आहे. पडद्यावर चुकून उमटलेला शब्द आपण खोडतो. फाइलीत तो शब्दही राहतो आणि त्याचे खोडणेही. ‘क्लिअर’ म्हटले की पडदा कोरा होतो, नोंद कोरी होत नाही. एखाद्या पतपेढीतल्या कर्मचाऱ्याने नोंद चालू असताना खातेदारांची यादी क्षणभर उघडली, तर ती नावे त्या फाइलीत बसलीच. परवलीचा शब्द साधारणतः पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो पडद्याच्या नोंदीत येत नाही. पण कळफलकावरची बोटे टिपण्याची सोयही ‘स्क्रिप्ट’मध्ये आहे. ती चालू असेल तर तोही उतरतो.

मोठ्या संस्थांत यंत्राची सर्वाधिकारी किल्ली वापरणाऱ्यांचे काम ‘सुडो’ ही आज्ञा टिपून ठेवू शकते, आणि ‘सुडोरिप्ले’ने ते वरिष्ठांना पाहता येते. हिशेबाची जागा असेल तेथे मला हे योग्य वाटते. फक्त ज्याचे काम टिपले जाते त्याला ते ठाऊक असावे, आणि बिघाड झाल्यावर त्याच्या दोन चुकीच्या ओळी तेवढ्या कापून दाखवू नयेत. त्याने मागेपुढे काय केले, कोठे विचार केला, तेही पाहावे.

आपण स्वतःची नोंद दुसऱ्याला देणार असाल तर आधी ती एकदा चालवून पाहा. वेग दुप्पट ठेवा, लांबलचक थांबे दोन सेकंदांवर आणा. दोन्ही सोयी ‘स्क्रिप्टरिप्ले’मध्ये आहेत. नको ते आढळले की मधली अक्षरे खरवडीत बसू नका, कारण वेळेच्या फाइलीतले आकडे मग जुळत नाहीत. सरळ नवी नोंद करावी.