पाटी, पुस्तक आणि पडदा
(अध्यक्षीय भाषण, चंडीगड)

पहिली-दुसरीच्या वर्गातील डिजिटल साधने म्हणजे बहुधा शिक्षकाचा मोबाइल, एक स्पीकर, भिंतीवरचा टीव्ही आणि कुठे कुठे चार-दोन टॅब. ही साधने कोणाच्या हाती राहतील हे एकदा ठरले की त्यांचे निम्मे व्यवस्थापन होते. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात ती शिक्षकाच्याच हाती राहावीत, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापले जाऊ लागले. अशा कोडमधून उघडणारे डिजिटल साहित्य पुरवणारे केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पुरस्काराची चर्चा गावोगाव झाली. वर्गात कोड नेमका कसा वापरावा, याची मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

कवितेच्या तासाला शिक्षक कोडवर मोबाइल धरतो. पान चुरगळलेले असेल तर कोड वाचला जात नाही. वाचला गेलाच तर रेंज नसते, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि तेवढ्यात मागच्या रांगेत खोड्या सुरू होतात. एकदा लय तुटली की तास हातचा गेला. यावरचे उपाय साधे आहेत. ‘दीक्षा’ ॲपमधील साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवता येते, म्हणजे ऐन तासाला इंटरनेट लागत नाही. कोडखाली छापलेली सहा अक्षरे टाइप केली तरी तेच पान उघडते. चित्रफितीऐवजी नुसता आवाज लावला तर आणखी बरे. मोबाइल टेबलावर पालथा, आवाज स्पीकरमधून आणि मुलांची बोटे पुस्तकातल्या ओळीवर, अशा रीतीने ऐकलेली कविता वाचनाच्या कामी येते. पडद्यावर हरीण पळू लागले की ओळीवरचे बोट सुटते.

वेळेबाबत मार्गदर्शनाची वाण नाही. कोविडच्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी जुलै २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांची मर्यादा घातली, तीही मुख्यतः पालकांशी बोलण्यासाठी. पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे सांगितली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांहून कमी पडदा सुचवला आहे. घरचा टीव्ही आणि मोबाइल त्यातच धरायचा म्हटल्यावर शाळेच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. म्हणून एका वेळी दहा मिनिटे आणि लगेच पाटीवर किंवा मातीत हाताचे काम, हे प्रमाण या वयाला झेपते. लहान मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या ‘जादुई पिटारा’ या शिक्षणसाहित्याच्या संचातही खेळणी, कोडी, बाहुल्या असे हाताळायचे साहित्य आहे, हे टॅब खरेदीची घाई करणाऱ्यांनी पाहावे.

चंडीगडमध्ये मुलांच्या पडद्यापुढच्या वेळेचा हा प्रश्न टाळेबंदीबरोबर संपलेला नाही. जानेवारीतील धुके आणि कडाक्याची थंडी यांमुळे लहान मुलांचे वर्ग बंद ठेवावे लागतात आणि ऑनलाइन वर्ग पुन्हा डोके वर काढतात. याच शहरातील पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढचा वेळ कमी करण्यासाठी कुटुंबांना हाताशी धरून उपक्रम राबवला आणि त्याची रीतसर चाचणीही घेतली. शाळांनी त्यातून एवढे तरी उचलावे की पालकांना बरोबर घेतल्याशिवाय वर्गातला नियम घरात टिकत नाही.

सैन्यातील, हवाई दलातील किंवा बँकेतील बदलीमुळे उत्तरेत आलेल्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. मूल शाळेत हिंदी शिकते आणि घरी बालभारतीच्या पीडीएफवरून मराठी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण आहेत. पडद्यावरचे बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. नुकते अक्षर ओळखू लागलेले मूल अडखळते आणि दोष त्याच्या माथी मारला जातो. अशा घरांत पडद्यावरून ऐकवावे आणि अक्षर मात्र छापील पुस्तकातून गिरवून घ्यावे.

देखभालीचे सांगायचे तर लोकवर्गणीतून टीव्ही येतो, पण वीजबिल भरायला पैसे नसतात. थकबाकीमुळे जोडणी तुटली की टीव्हीवर कापड पडते. खरेदीच्या वेळीच वीज, दुरुस्ती आणि कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार, हे लेखी ठरलेले असावे.

आपल्या या परिषदेने दोन ठराव करावेत. बालभारती आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी लहान मुलांच्या डिजिटल साहित्यात प्रमाण मराठी अक्षरवळणच वापरले जाईल याची हमी द्यावी. आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक पाठाची ध्वनिफीत चित्रफितीपासून वेगळी, साध्या मोबाइलवर उतरवता येईल अशी, विनामूल्य उपलब्ध करून द्यावी.