बायबलची परीक्षा : ऐकलेलें आणि वाचलेलें



रविवारच्या वर्तमानपत्रांत दहा प्रश्नांची एक चौकट येते, उत्तरें खालीं उलट्या अक्षरांत छापलेलीं असतात, आणि हातांतला चहा निवेपर्यंत घरांतली मंडळी एकमेकांची फजिती करण्यांत गढून जाते. ह्या दहांत बायबलमधील एखादी व्यक्ति किंवा प्रसंग पुष्कळदां असतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्याला आणि युरोपांतील चित्रें पाहणाऱ्याला आदाम, नोहा, मोशे, दावीद हीं माणसें पावलोपावलीं भेटतात. त्यांची ओळख नसेल तर निम्मा अर्थ हातचा जातो. मीं उभा जन्म मास्तरकींत घालविला. प्रश्नपत्रिका काढल्या, आणि काढल्या त्याच्या कितीतरी पट उत्तरपत्रिका तपासल्या. तेव्हां आज बायबलवरील ह्या परीक्षेचीच थोडी परीक्षा घ्यावी असें मनांत आहे. बायबल म्हणून आपण जें जाणतों, त्यांतलें पुस्तकांत किती आणि नुसतें कानावरून आलेलें किती, एवढेंच पाहावयाचें.

आरंभाला एक सोपा प्रश्न देतों. मोशेनें आपल्या तारवांत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बहुतेक लोक ‘दोन’ असें सांगून मोकळे होतात. तारूं मोशेचें नव्हे, नोहाचें, हें ज्यांना पक्कें ठाऊक आहे तेहि तसेंच सांगतात. अमेरिकेंत एरिक्सन आणि मॅटसन ह्या दोघांनीं हा प्रयोग करून १९८१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि मानसशास्त्रांत ह्या फसगतीला मोशेचेंच नांव पडलें. मोशे काय किंवा नोहा काय, दोघेहि जुन्या करारांतले, दोघेहि देवाची आज्ञा पाळणारे वृद्ध पुरुष, दोघांच्याहि कथेंत पाण्याचा मोठा प्रसंग. कान त्यांना एकाच खणांत ठेवून देतो. मोशेच्या जागीं नेपोलियन म्हटलें असतें तर शाळेंतलीं पोरेंसुद्धां हंसलीं असतीं.

पण गंमत पुढेंच आहे. नांव दुरुस्त करून नोहा म्हटलें, तरी ‘दोन’ हें उत्तर अर्धेंच राहतें. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत प्रत्येक जातीची एक जोडी घ्यावी अशी आज्ञा आहे. सातव्या अध्यायाच्या आरंभीं मात्र शुद्ध मानलेल्या पशूंपैकीं सात सात आणि अशुद्धांपैकीं दोन घेण्यास सांगितलें आहे. सात म्हणजे सात नग कीं सात जोड्या, ह्यावर भाषांतरकारांचें एकमत नाहीं. अधिक कां घेतले ह्याचें कारण कथेंतच सांपडतें. पूर ओसरल्यावर नोहा वेदी बांधतो आणि शुद्ध पशुपक्ष्यांपैकीं कांहींचें हवन करतो. एकच जोडी असती, तर त्या जातीचा तेथेंच निर्वंश झाला असता! तारूं ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच होतें. पाऊस ४० दिवस पडला, पण पाण्याचा जोर १५० दिवस राहिला. आणि नोहानें प्रथम सोडला तो कावळा, कबुतर मागून. शतपथ ब्राह्मणांतील मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधलेली असते आणि उत्तरेकडील पर्वताला लागते, हें आपल्यापैकीं पुष्कळांना माहीत असेल. दोन्ही कथा शेजारीं ठेवून वाचाव्या. मनु अगदीं एकटा उरतो. नोहाबरोबर त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना आणि एवढें मोठें पशुसंग्रहालय आहे.

अशीं ऐकीव उत्तरें कोठून येतात तें पाहण्यासारखें आहे. हव्वेनें खाल्लें तें सफरचंद, असें लहान मूलहि सांगेल. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत केवळ ‘फळ’ आहे. झाडाचें नांव दिलेलें नाहीं. ज्यू पंडितांनीं द्राक्ष, अंजीर, इतकेंच काय पण गहूंहि सुचविला आहे. अंजिराला निदान आधार आहे, कारण पुढच्याच ओळींत ह्या जोडप्यानें अंजिराचीं पानें शिवून वस्त्रें केलीं. सफरचंद शिरलें तें पश्चिमेकडून. लॅटिन भाषेंत ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ ह्या दोन अर्थांचे शब्द लिहिण्यांत सारखेच दिसतात. त्या श्लेषाला चित्रकारांनीं आणि कवींनीं हात दिला. ड्यूररच्या १५०४ सालच्या ताम्रपटचित्रांत आणि मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यांत तें फळ कायमचें सफरचंद होऊन बसलें. योनाला गिळणारा प्राणी देवमासा, हेंहि असेंच. हिब्रू पुस्तकांत ‘मोठा मासा’ एवढेंच म्हटलें आहे.

नाताळच्या देखाव्याचें तर विचारूंच नका. तीन राजे उंटांवरून गोठ्याशीं आले, असें चित्र आपण शुभेच्छापत्रांवर पाहतों. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांत ते राजे नाहींत, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष आहेत. त्यांची संख्या दिलेली नाहीं, उंट नाहींत, आणि ते गोठ्यांत नव्हे तर घरांत शिरतात. सोनें, ऊद आणि गंधरस ह्या तीन भेटी मात्र आहेत, आणि तीन भेटींवरून लोकांनीं तीन माणसें मोजलीं. गव्हाणी आणि मेंढपाळ लूककडे आहेत, ज्ञानी पुरुष आणि तारा मत्तयाकडे. मार्क आणि योहान ह्या दोघांनीं जन्मकथा सांगितलेलीच नाहीं. देखावा मांडणारा दोन पुस्तकें एका पाटावर बसवितो, आणि आपण तें एकच समजतों.

ह्यांत ख्रिस्ती लोकांना हंसण्याचें कारण नाहीं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडांत काढून दाखवा म्हटलें, तर आपल्यांतीलहि पुष्कळांना पानें चाळीत बसावें लागेल, आणि ती सांपडणार नाहीं.

येथवर झाली ती करमणूक. सफरचंद कीं अंजीर, ह्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ऐकीव उत्तरानें एखाद्या माणसाची अब्रू गेलेली असते, आणि तेथें मास्तराला तांबडी शाई हातीं घ्यावी लागते. मग्दालीया मरीया कोण, असा प्रश्न येतो, आणि ‘पश्चात्ताप पावलेली वेश्या’ असें उत्तर छापलेलें असतें. चारहि शुभवर्तमानें आरंभापासून शेवटपर्यंत वाचा. हें विधान एकाहि ठिकाणीं नाहीं.

मग आहे काय? लूकच्या आठव्या अध्यायांत ती प्रथम भेटते. तिच्यांतून सात भुतें निघालीं होतीं, म्हणजे ती मोठ्या दुखण्यांतून बरी झाली होती असें आज आपण समजूं. हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सुसान्ना ह्यांच्यासमवेत ती येशूच्या मंडळीबरोबर हिंडे, आणि ह्या बायका आपल्या पदरचें द्रव्य त्या मंडळीवर खर्च करीत. पुढें क्रुसाजवळ ती उभी आहे. शिष्य पांगले तेव्हां ती पांगली नाहीं. योहानाच्या विसाव्या अध्यायांत अजून अंधार असतांना ती एकटी कबरेशीं जाते, कबर रिकामी पाहून रडूं लागते, आणि समोर उभ्या असलेल्या पुरुषाला बागेचा माळी समजते. तो फक्त तिचें नांव घेतो, आणि तिला ओळख पटते. पुन्हां उठलेल्या येशूला प्रथम पाहणारी आणि ती वार्ता शिष्यांना पोंचविणारी ती हीच.

आतां घोटाळा कसा झाला तो पाहा. लूकच्या सातव्या अध्यायाच्या शेवटीं एक पापी म्हणून ओळखली जाणारी स्त्री येते. तिला नांव नाहीं. ती येशूचे पाय आसवांनीं भिजविते, केसांनीं पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. लगेच पुढच्या अध्यायांत मग्दालीया मरीयेचा उल्लेख आहे. तिकडे योहानाच्या बाराव्या अध्यायांत बेथानी गांवची मरीया, मार्थेची बहीण, येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून तिच्या केसांनीं ते पुसते. तेल एक, केस एक, नांव एक! त्या काळीं मरीया हें नांव इतकें सर्रास होतें कीं, क्रुसाभोंवतींच्या बायकांत तीन मरीया निघतात. आपल्याकडे पूर्वी एका आळींत चार यमुना असत, तसेंच तें. ह्या तीन स्त्रियांची एक मूर्ति बनवून ती व्यासपीठावर उभी केली पोप पहिल्या ग्रेगरीनें, सन ५९१ च्या सुमारास रोम येथील एका प्रवचनांत. त्याचा शब्द मोठा. पश्चिमेकडे तोच पाठ पडला. पूर्वेकडील ग्रीक ख्रिस्ती मंडळीनें ह्या तिघींना वेगवेगळेंच मानलें. टिशियनसारख्या चित्रकारांनीं मोकळ्या केसांची, डोळ्यांत पाणी आणलेली मग्दालीया रंगविली, आणि चित्र हें प्रवचनापेक्षां लांब पोंचतें. रोमच्या चर्चनें १९६९ सालीं पंचांगाची पुनर्रचना करतांना हा घोटाळा सोडविला, आणि २०१६ सालीं २२ जुलै ह्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. प्रवचन आणि दुरुस्ती ह्यांच्यामध्यें जवळजवळ चौदाशें वर्षें गेलीं. परीक्षा घेणाऱ्यांना मात्र ही दुरुस्ती अद्याप कळलेली दिसत नाहीं.

आतां प्रश्न काढणाऱ्यांविषयीं थोडें. बायबलमध्यें पुस्तकें किती, असा प्रश्न ते बेलाशक विचारतात. प्रॉटेस्टंटांच्या ग्रंथांत ६६ आहेत, कॅथॉलिकांच्या ७३. ज्यू लोक केवळ जुना भाग मानतात आणि त्याचीं पुस्तकें २४ मोजतात. तोच मजकूर प्रॉटेस्टंट ३९ म्हणून मोजतो. कोणाचें बायबल हें न सांगतां विचारलेला हा प्रश्न मीं तपासायला घेतला असता तर तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले असते. ‘खून करूं नको’ ही आज्ञा कितवी? ज्यू आणि बहुतेक प्रॉटेस्टंट सहावी म्हणतील, कॅथॉलिक आणि लूथरपंथी पांचवी. गल्याथाला कोणी मारलें, ह्यावर कोणी वाद घालणार नाहीं असें वाटतें. पण दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायांत एल्हानान नांवाच्या योद्ध्यानें गल्याथाला मारल्याचें म्हटलें आहे, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांत तोच एल्हानान गल्याथाच्या भावाला मारतो. गल्याथाची उंचीहि एक नाहीं. रूढ हिब्रू पाठांत सहा हात एक वीत आहे; जुन्या ग्रीक भाषांतरांत आणि मृत समुद्राकांठच्या गुहांत सांपडलेल्या एका गुंडाळींत चार हात एक वीत. असा प्रश्न एकमेकांना घालावा. एका शब्दांत त्याचें उत्तर होत नाहीं, पुस्तक उघडावें लागतें.

ज्यांना परीक्षेची गोडी आहे त्यांना बायबलमध्येंच परीक्षा भेटतील. शास्त्यांच्या बाराव्या अध्यायांतली परीक्षा तर भयंकर आहे. गिलाद आणि एफ्राईम ह्या दोन टोळ्यांची लढाई झाली. हरलेले एफ्राईमी यार्देनच्या उतारावर पळून आले, तेव्हां गिलादी पहारेकरी प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ असें म्हणावयास सांगत. एफ्राईमी माणसाला श म्हणतां येत नसे, तो स म्हणे, आणि तेथेंच मरे. मेलेल्यांचा आंकडा ४२,००० दिला आहे. मराठी वर्गांत श आणि स ह्यांसाठीं पोरांच्या हातावर छडी पडत असे, तेवढीच शिक्षा आपल्याला पुष्कळ वाटे.

दुसरी परीक्षा लूकच्या दहाव्या अध्यायांत आहे, आणि प्रश्न कसा काढावा तें मला तेथें दिसतें. एक शास्त्री येशूची परीक्षा पाहण्यासाठींच उभा राहतो आणि विचारतो कीं, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटसरूची गोष्ट येते. लुटारूंनीं मारून टाकलेल्या त्या माणसाकडे पाहून याजक निघून जातो, लेवीहि निघून जातो; तिसरा येतो तो शोमरोनी. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेंत नेतो, आणि निघतांना दोन नाणीं देऊन ठेवतो. आपल्या परीक्षांत ‘दयाळू परोपकारी माणूस’ एवढाच शोमरोन्याचा अर्थ उरला आहे. ज्यू लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत, त्यांना भ्रष्ट मानीत, हें ठाऊक नसेल तर गोष्टीचा कांटा टोंचतच नाहीं. गोष्ट संपल्यावर येशू उलट प्रश्न टाकतो कीं, ह्या तिघांपैकीं शेजारी कोण ठरला? शास्त्र्याला उत्तर येतें, पण शोमरोनी हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीं. ज्यानें दया केली तो, असें तो आडून सांगतो.

हें सारें पडताळून पाहावयास इंग्रजीच पाहिजे असें नाहीं. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यांत राचोल येथें १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांत ह्या कथा अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत आल्या आहेत. श्रीरामपूरला कॅरीच्या छापखान्यांतून मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत १८०५ सालीं निघालें. आणि पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून केडगांवला संपूर्ण बायबल मराठींत आणलें. संस्कृतांत पंडिता ही पदवी मिळविलेल्या बाईनें तें मुद्दाम साध्या बायकांना समजेल अशा भाषेंत लिहिलें. १९२२ सालीं त्या वारल्या, त्यापूर्वीं हें काम त्यांनीं हातावेगळें केलें होतें.

तेव्हां येत्या रविवारसाठीं तीन प्रश्न माझ्याकडून. गल्याथाशीं लढावयास निघतांना दावीदानें ओढ्यांतून किती गोटे वेंचले, आणि त्यांतले वापरले किती? निनवेला जा अशी आज्ञा असतां योना कोणत्या गांवच्या जहाजांत बसला? आणि शबाची राणी शलमोनाचें शहाणपण पाहावयास कूट प्रश्न घेऊन आली, ते प्रश्न कोणते? पहिल्यासाठीं पहिल्या शमुवेलाचा सतरावा अध्याय, दुसऱ्यासाठीं योनाचें पुस्तक, तें चारच अध्यायांचें आहे, आणि तिसऱ्यासाठीं पहिल्या राजांचा दहावा अध्याय. तिसरें उत्तर शोधतांना घाई करूं नका. अध्याय शेवटपर्यंत वाचा.